अंगाला लावून घेणे

आमच्या सेनगावात अंगाला काही लावून घेण्याचे प्रसंग माणसाच्या आयुष्यात मोजून तीन. जन्मल्यावर आजीच्या पायांवर, लग्नात हळदीच्या पाटावर आणि दर दिवाळीला पहिल्या आंघोळीच्या वेळी. बायकांना यात बाळंतपणाचा एक प्रसंग जास्तीचा मिळतो. त्यानंतर उरतो तो थेट शेवटचा. आणि त्या वेळी कोण काय लावतंय याकडे आपलं लक्ष नसतं. बाकीचे दिवस लावून घ्यायचं ते मनाला. ते मात्र आम्ही बारा महिने करतो.

म्हणूनच माझ्या साठीनिमित्त पुण्याच्या मुलीनं स्पाचं कूपन भेट दिलं, तेव्हा घरात जरा गोंधळ उडाला. "बाबा, आयुष्यभर राबलात. आता दोन तास स्वतःचे लाड करून घ्या," असं ती फोनवर म्हणाली. फोन स्पीकरवर ठेवला होता ही माझी चूक. शेजारी बायको तुरीची डाळ निवडत बसली होती. 'राबलात' हा शब्द ऐकून तिनं मान वर केली, माझ्याकडे एकदा नीट पाहून घेतलं आणि मान पुन्हा सुपात घातली. माझ्या साठ वर्षांचं इतकं थोडक्यात परीक्षण दुसऱ्या कुणी केलेलं नाही.

शेजारचे अण्णा पेपर न्यायला आले होते. ते म्हणाले, "सपा? आपल्याकडं कुठं हाये सपा? निवडणूक लागली का काय?"

मी चौतीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. या धंद्याचा एक दोष असा, की कुठंही पुढे जायचं म्हटलं की माणूस आधी मागे जातो. तेव्हा स्पाला जाण्यापूर्वी मी स्पाचा इतिहास पाहिला.

स्पा हे मुळात एका गावाचं नाव. बेल्जियममधलं हे लहानसं गाव तिथल्या खनिज पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध. युरोपातले राजेरजवाडे प्रकृती सुधारायला तिथे जात. रशियाचा झार पीटर दि ग्रेट 1717 साली जाऊन आला होता. पुढे त्या गावाचं नाव साऱ्या धंद्यालाच पडलं. पैठणहून पैठणी निघाली, तसा स्पाहून स्पा. सेनगावच्या नावानं अजून काहीच निघालेलं नाही. निघाली तर एसटीच, आणि तीही वेळेवर नाही.

झरे आपल्याकडेही आहेत. हिंगोली जिल्ह्याच्या उत्तर सीमेवरून जी पैनगंगा वाहते, तिच्याच काठी पुढे नांदेड जिल्ह्यात, किनवट तालुक्यात, उनकेश्वरला गंधकयुक्त गरम पाण्याचे झरे आहेत. शरभंग ऋषींसाठी रामानं बाण मारून हे पाणी काढलं, असं सांगतात. फरक इतकाच, की बेल्जियमच्या झऱ्यावर राजे गेले आणि आमच्या झऱ्यावर खरूज झालेले लोक गेले. पाणी दोन्हीकडे जमिनीतूनच येतं. पण ज्याच्या अंगावर पडतं त्याप्रमाणे त्याला 'स्पा' म्हणायचं की 'उन्हाळं', हे ठरतं.

त्याच्याही मागे गेलं की रोमन लोक भेटतात. या लोकांनी आंघोळीचं सरकारी खातंच काढलं होतं म्हणायला हरकत नाही. रोममध्ये इ.स. 216 मध्ये सुरू झालेल्या कॅराकॅला बादशहाच्या स्नानगृहाचे अवशेष आजही माणसाला मान वर करून पाहावे लागतात. तिथे गरम पाण्याची दालनं, कोमट पाण्याची दालनं, थंड पाण्याचे हौद, शिवाय व्यायामाला जागा. साबण नव्हता. अंगाला तेल चोळायचं आणि मग काशाच्या किंवा लोखंडाच्या वाकड्या पात्यानं तेल, घाम आणि मळ एकत्र खरवडून काढायचा. आमच्या आजीची पायाची वज्री जरा लांब करून वाकवली असती, तर ती थेट रोमला निर्यात करता आली असती.

आणि घरचंच पाहायचं, तर कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर आहे. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. या राजानं 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. शंभर अध्याय. त्यात राज्य कसं मिळवावं आणि कसं टिकवावं हे चाळीस अध्यायांत उरकल्यावर राजाने उपभोग कसे घ्यावेत, याचे वीस वेगळे अध्याय आहेत. त्यात स्नानाचा एक, अंगाला उटी लावण्याचा एक, आणि नुसतं पायांना तेल चोळून घेण्याचा आणखी एक. आजच्या स्पामधलं दरपत्रकही इतकं तपशीलवार नसतं. आमचा मुलूख याच घराण्याच्या अंमलाखाली होता. म्हणजे आमच्या राजाला पायांच्या तेलाला एक अख्खा अध्याय आणि आम्हांला वर्षातून एक दिवस. असो.

एवढी तयारी करून मी पुण्याला गेलो.

काचेचं दार ढकलून आत शिरलो तर इतका मंद उजेड, की आधी वाटलं इथेही लोडशेडिंग आहे. कोपऱ्यात बुद्धाची मूर्ती, समोर पितळी उरळीत गुलाबाच्या पाकळ्या, आणि कुठूनतरी बासरी. एका मुलीनं वाकून नमस्कार केला आणि छोट्या कपात 'वेलकम ड्रिंक' दिलं. आलं, तुळस, गवती चहा. आमच्याकडे हा काढा पोराचं नाक दाबून पाजतात. इथे पाजण्यापूर्वी नमस्कार करतात.

मग फॉर्म. रक्तदाब आहे का, हृदयविकार आहे का, कातडीला कशाची ॲलर्जी आहे का, अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे का. हे सगळं खरं खरं लिहावं. कारण वाफ आणि उष्णता प्रत्येक शरीराला मानवतेच असं नाही. त्याखाली माणसाची दोन चित्रं होती, एक पुढून आणि एक मागून. दुखतं तिथे खूण करा. मी दोन्ही माणसं रंगवून दिली.

"सर, प्रेशर कसं हवं? सॉफ्ट, मीडियम की हार्ड?"

"एकशेचाळीस-नव्वद असतं," मी म्हणालो. "गोळी घेतो."

मुलगी सभ्य होती. ती हसली नाही. तिनं 'मीडियम' लिहिलं.

नंतर मला एका खोलीत नेऊन कागदी चड्डीची घडी हातात दिली गेली. सरकारी नोकरीत असल्यामुळे कागदावर माझा आयुष्यभर विश्वास. पण अब्रू कागदावर सोपवायची वेळ पहिल्यांदाच आली. ती घालून मी श्वास न घेता उभा राहिलो. तेवढ्यात मालिश करणारा मुलगा आला. पंचविशीतला, मिझोरामचा. त्यानं मला खुर्चीत बसवलं, कोमट पाण्याच्या घंगाळात माझे पाय ठेवले आणि ते धुऊ लागला. माझे पाय याआधी सासऱ्यांनी लग्नात धुतले होते आणि पुढे त्यांना त्याचा पश्चात्तापही झाला होता. मला फार संकोच वाटला. मी पाय ओढून घेऊ लागलो. तो म्हणाला, "रिलॅक्स, सर." रिलॅक्स होण्याचा हुकूम मिळाला की माझं अंग ताठ होतं, लहानपणी देवीची लस टोचणारा माणूसही असंच काही म्हणाला होता.

आता स्पामध्ये काय काय होतं ते क्रमानं सांगतो, म्हणजे पुढच्या माणसाला तयारीनं जाता येईल. पोटभर जेवून जाऊ नये. आधी 'स्क्रब', म्हणजे काहीतरी खरबरीत लावून कातडीवरचा मृत थर घासून काढणे. मग 'रॅप', म्हणजे अंगाला माती किंवा लेप थापून वरून प्लॅस्टिक आणि गरम टॉवेल गुंडाळणे. वीस मिनिटं माणूस अळूवडीच्या उंड्यासारखा पडून राहतो. मग वाफेची पेटी; मुंडकं तेवढं बाहेर. शेवटी कोमट तिळाच्या तेलाचं मालिश. लेपानं शरीरातलं विष निघून जातं, असं तिथल्या पत्रकात लिहिलं होतं. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं बिनबोभाट करीत असतात. वाफेतून उठल्यावर वजन कमी भरतं ते घामाचं. दोन तांबे पाणी प्यायलं की ते परत येतं. पण कातडी मऊ होते, आखडलेले स्नायू सैल होतात आणि झोप छान लागते, हे मात्र खरं. दोन तासांत एवढं होत असेल, तर विषाबद्दल उगाच थाप मारायची गरज काय, हे मला कळलं नाही.

स्क्रबचा वास ओळखीचा वाटला. हळद, चंदन, डाळीचं पीठ.

"ही हळद कुठली?" मी विचारलं.

"ऑर्गॅनिक, सर."

हळद म्हणजे आमच्या जिल्ह्याचा जीव. काढणीच्या दिवसांत आमच्याकडे शिवारभर हळद शिजवल्याचा वास असतो. आमच्या जिल्ह्यातल्या वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. जी पोत्यांनी आमच्या दारावरून जाते, तीच इथे चमच्यानं माझ्या पाठीवर येत होती. त्याआधी या हळदीनं एक मोठी फिर्यादही जिंकली आहे. 1995 साली अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखमेवर हळद लावण्याचं पेटंट मिळालं. कुठल्याही मराठी घरात पोराचा गुडघा फुटला की आजी पहिली धाव ज्या डब्याकडे घेते, त्याचं पेटंट! डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा आपल्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते. परिषदेनं हरकत घेतली, जुने ग्रंथ आणि लेख पुरावा म्हणून मांडले आणि 1997 मध्ये ते पेटंट रद्द झालं. मी वर्गात हा धडा फार आवेशानं शिकवीत असे. लेप वाळेपर्यंत मी तो त्या मुलालाही शिकवला. पळून जाता येत नाही अशा अवस्थेत इतरांनी माझं व्याख्यान ऐकल्याची सवय मला आहे. पण गुंडाळून ठेवलेल्या अवस्थेत मीच ते देण्याची ही पहिली वेळ.

मग मालिश सुरू झालं. त्या पोराच्या हातात काहीतरी होतं खरं. मानेपाशी त्याचा अंगठा फिरला आणि मला एकदम आमची न्हाणी आठवली. तसाच अंगठा, तसाच दाब. डोळे भरून आले. तेल गेलं असेल म्हणून मी ते पुसले. काहीतरी बोलायचं म्हणून मी आमच्या मराठवाडी हिंदीत विचारलं, "तेरेकू कौन मालिश करता रे?"

त्याचा हात क्षणभर थांबला. हा प्रश्न फॉर्ममध्ये नसावा.

"कोई नहीं, सर," तो हसून म्हणाला. पुन्हा चोळायला लागल्यावर त्यानं सांगितलं, की दिवसाकाठी सहा गिऱ्हाइकं होतात, रात्री मनगटं ठणकतात, मग तो बादलीत गरम पाणी घेऊन हात बुडवून बसतो.

परतीच्या बसमध्ये सगळे झोपले, मी जागा. अंग हलकं झालं होतं आणि डोकं जड. आयुष्यभर मी पोरांना चोळून घेणाऱ्यांचा इतिहास शिकवला. चोळणारे त्यात कुठं होते?

शोधलं तर थोडे सापडतात. रोमचा बादशहा हेड्रियन याची एक गोष्ट जुन्या लॅटिन चरित्रात आहे. स्नानगृहात त्याला एक म्हातारा शिपाई भिंतीला पाठ घासताना दिसला. "हे काय?" तर म्हणाला, "पाठ चोळायला गुलाम नाही." बादशहानं त्याला गुलाम दिले आणि त्यांना पोसायला पैसेही दिले. दुसऱ्या दिवशी पाहतो तर भिंतीशी म्हाताऱ्यांची रांग, सगळे पाठ घासताहेत. हेड्रियननं सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, एकमेकांची चोळा. त्या गुलामांचं पुढे काय झालं, त्यांच्या पाठी कुणी चोळल्या, हे मात्र चरित्रकारानं लिहिलेलं नाही.

आपल्याकडे सेना न्हावी आहेत. बीदरच्या बादशहाच्या पदरी चाकरी. एकदा पूजेत वेळ गेला, बोलावणं आलं तरी सेना उठले नाहीत. तेव्हा पांडुरंग स्वतः धोकटी घेऊन दरबारात गेला, बादशहाची हजामत केली, अंगाला तेल लावलं आणि तेलाच्या वाटीत बादशहाला चतुर्भुज रूप दिसलं. कथा सुंदर आहे. पण इतकं होईपर्यंत बादशहाला त्या वाटीत डोकावून पाहावंसं वाटलं नव्हतं, हेही तीत आलंच.

दीन महंमदाचं नाव राहिलं, कारण तो लिहिणारा होता. 1759 साली पाटण्यात जन्मला, पुढे आयर्लंडला गेला. 1810 मध्ये लंडनला हिंदुस्थानी खानावळ काढली, ती बुडाली. मग ब्रायटनला समुद्रकाठी वाफेचं स्नान आणि चंपी सुरू केली, आणि चौथा जॉर्ज व चौथा विल्यम या दोन राजांचा 'शाम्पूइंग सर्जन' झाला. 1822 मध्ये त्यानं त्यावर पुस्तकही लिहिलं. शाम्पू हा शब्द इंग्रजीत आला तो आपल्या 'चांपो'वरून. 'चांपो' म्हणजे दाबा, आपल्या 'चेपा'चा सख्खा भाऊ. आज साऱ्या जगाच्या न्हाणीत बाटलीवर जो शब्द छापलेला असतो, तो मुळात पाय चेपणाऱ्या कुणाला तरी केलेला हुकूम आहे. आणि 1957 च्या 'प्यासा'त तेलाच्या बाटल्या घेऊन हिंडणारा जॉनी वॉकर सगळ्यांना आठवतो. त्याची मान दुखायची का, हे गुरुदत्तनंही विचारलं नाही.

आमच्या गल्लीतली सुईण तर कुठल्याच पुस्तकात नाही. बाळंतिणीला सव्वा महिना तीच चोळायची. पहाटे यायची, बाजेखाली शेगडी, तिच्यात ओवा-बाळंतशेपांची धुरी. बाळाला पायांवर पालथं घालून अशी रगडायची, की ते मोठं झाल्यावर कशालाच भिऊ नये. टाळूवर तेल थापायची, कपाळ दाबून गोल करायची, नाक ओढून सरळ करायची. माझ्या नाकाकडे पाहता त्या दिवशी ती घाईत असावी. सव्वा महिन्यानं तिला लुगडं, नारळ आणि ज्वारी मिळे. पण ज्या हातांवर आमच्या घरातल्या सगळ्यांनी पहिला टाहो फोडला, त्या हातांना आमच्या पाण्याच्या रांजणाला शिवायची परवानगी नव्हती. पाणी तिच्या ओंजळीत वरून वाढत. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि वर्गात समतेचा धडा शिकवताना मी पानिपतचं उदाहरण द्यायचो.

आमच्या सेनगावपासून नर्सी जवळच. नामदेवांचं जन्मगाव म्हणून लोक तिथे जातात. त्या नामदेवांच्या घरी राबणारी जनाबाई आमच्याच भागातली, गोदाकाठच्या गंगाखेडची. दळण, कांडण, धुणं, शेण, पाणी, सगळ्यांचं सगळं तिनं करायचं. मग तिचं कोण करणार? तिच्या अभंगांत विठोबाच तिच्यासाठी न्हाणीचं पाणी पाहतो, तिचे केस विंचरतो, उवासुद्धा काढतो. लहानपणी मला वाटायचं, केवढी ही भक्ती! आता वाटतं, घरात एवढी माणसं होती, त्यांतलं एकही उठलं नाही म्हणून देवाला देऊळ सोडावं लागलं.

आणि आमची माय.

आमच्या गावानं बरीच सरकारं पाहिली. 1948 पर्यंत निजाम, 1956 पर्यंत हैदराबाद राज्य, मग मुंबई राज्य, 1960 ला महाराष्ट्र. 1999 ला तर गाव जागचं न हलता परभणीतून हिंगोली जिल्ह्यात गेलं. पण आमच्या न्हाणीतला दगड आणि दिवाळीची पहाट यांत काहीही फरक पडला नाही. माय तीनला उठायची. पऱ्हाट्या-तुराट्या घालून बंब पेटवायची. वाटीत करडीचं तेल कोमट करायची. आंबेहळद, नागरमोथा, वाळा, कचोरा घरीच कुटलेला असायचा. मग एकेकाला उठवून पाटावर बसवायची: आजोबा, वडील, काका, आणि आम्ही पाच भावंडं. तेल लावताना थंडीनं आम्ही कुडकुडायचो, उटणं टोचतं म्हणून ओरडायचो, डोळ्यांत गेलं म्हणून रडायचो. बाहेरून आजोबांचा धाक चालूच असायचा: "आटपा! सूर्य उगवल्यावर न्हाणारा नरकात जातो!" त्या भीतीनं आम्ही आठही जण अंधारातच न्हाऊन, ओवाळून घेऊन, चकचकीत चेहऱ्यांनी फराळाला बसायचो.

माय शेवटी. वाटीच्या कडेला राहिलेलं तेल बोटानं निपटून डोक्याला लावायचं, बंबाच्या तळाशी राहिलेल्या कोमट पाण्याचे चार तांबे अंगावर घ्यायचे, की झाली दिवाळी. तोवर सूर्य चांगला लिंबाच्या वर आलेला असे.

म्हणजे शास्त्राप्रमाणे माय दर वर्षी नरकात जात होती. आणि ती एकटी नाही. महाराष्ट्रातल्या तमाम आया त्याच वाटेनं गेल्या असणार. सगळ्या आया नरकात आणि त्यांनी न्हाऊ घातलेली पोरं स्वर्गात, असा एकूण हिशेब होतो. त्या स्वर्गात चकल्या कोण तळतं, हे कुठल्याही पुराणात दिलेलं नाही.

मायला दुसऱ्याच्या हातानं तेल लागलं ते बाळंतपणांत. त्यानंतर एकदम तिच्या शेवटच्या आंघोळीला. गल्लीतल्या बायकांनी लावलं. मी बाहेर ओट्यावर बसलो होतो, आणि आत तेल आहे का विचारायला कुणीतरी आलं तर मला डबा कुठं असतो ते सांगता येईना.

यंदा दिवाळीला मी साडेतीनचा गजर लावला. गीझर आहे, पण पहाटे वीज असेलच याचा भरवसा नाही. म्हणून माळ्यावरचा बंब काढला. तो पेटवताना इतका धूर झाला, की बायको धावत आली.

"काय करायलाव हे? मला वाटलं घर पेटलं."

"बस पाटावर."

"मी? काहून?"

"मला कुणी काही विचारायचं नाही. बस."

ती बसली, पण बसता बसता दुधाचं पातेलं झाकलंय का, रांगोळीचा डबा कुठंय आणि तुम्हांला ताप तर नाही ना, या तीन चौकश्या केल्या. मी वाटीत तेल घेतलं. पुण्याला पाहून आलेला माणूस मी, विचारलं, "प्रेशर कसं हवं? सॉफ्ट, मीडियम की हार्ड?"

"तेल सांडू नका," ती म्हणाली. "करडीचं महाग झालंय."

माझा हात काही त्या पोरासारखा नाही. केसांत बोटं अडकली, तेल कानात गेलं, उटणं जरा जाड भिजलं. तिनं दोन-तीनदा "अवं, हळू!" म्हटलं. मग बोलणं थांबलं. तेहतीस वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच न्हाणीत असं शांत वाटलं. खांद्यापाशी माझा अंगठा आला, तशी ती जराशी आक्रसली.

"दुखतं का?"

"तो डावा. दोन वर्षं झाली."

"कधी सांगितलं नाहीस."

"विचारलंव कुठं?"

मी काही बोललो नाही. अंगठा तिथेच हळूहळू फिरवत राहिलो. एक तास गेला असेल. मग तिला ओवाळायचं म्हणून निरांजन शोधण्यात अर्धा तास गेला. कारण ते कुठं असतं हेही मला माहीत नव्हतं, आणि ओवाळून घेणारीलाच उठून दाखवावं लागलं.

सगळं आटोपून मी तांब्या घेतला, तर न्हाणीच्या झरोक्यातून ऊन आत आलं होतं. बंबात तळाशी चार तांबे पाणी होतं, कोमट. बायको बाहेरून म्हणाली, "आता घ्या. सूर्य उगवल्यावर न्हायलाव. गेलात नरकात."

हरकत नाही. माय तिथंच आहे. जाताना तेलाची वाटी तेवढी बरोबर न्यावी म्हणतो.